हरवलेला पाय आणि समाजाची नजर

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्याने गणेश विसर्जन आटोपून लोक उशिरा अंथरुणाला पाठ टेकवून झोपी गेले होते. त्या गाढ झोपेतच लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांना भूकंपाचा जबर धक्का बसला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही नावे त्या दिवसापासून सर्व देशाला ठाऊक झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे सोळा हजार जखमी झाली. पुढील काळात ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली.

घरे मोजता येतात, भूखंड मोजता येतात, मदतीची रक्कमही मोजता येते. या मोजमापात सहसा न येणारी एक हानी मात्र मागे उरते. भिंतीखाली तासन्‌तास दबून राहिलेला हात अथवा पाय वाचविणे वैद्यकशास्त्राला नेहमी शक्य होत नाही. जीव वाचविण्यासाठी अवयव काढून टाकावा लागतो. भूकंपाच्या वेळी जे मूल पाच वर्षांचे होते ते आज चाळिशीच्या आसपास आहे. कोसळलेल्या घराच्या जागी त्याला घर मिळाले असेल; परंतु गेलेल्या पायाच्या जागी त्याला काय मिळाले, आणि गावाने त्याच्याकडे एवढी वर्षे कोणत्या नजरेने पाहिले, हा प्रश्न कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. शस्त्रक्रियेने अवयव जातो तो एकदाच जातो. समाजाच्या नजरेतील माणसाचे स्थान मात्र दररोज थोडेथोडे जात असते. पहिली हानी टाळणे अनेकदा कोणाच्याच हाती नसते. दुसरी हानी टाळणे पूर्णतः आपल्या, म्हणजे घरच्या माणसांच्या, शिक्षकांच्या, पंचायतीच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती असते.

भूकंप थांबला, कारणे थांबली नाहीत

भूकंपासारखी आपत्ती विरळा असते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अवयव गमावण्याची नित्याची कारणे याहून साधी आहेत. सुगीच्या दिवसांत मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढी सारताना सदऱ्याची बाही अथवा पदराचे टोक आत ओढले जाते आणि क्षणार्धात हात जातो. कडबा कापण्याच्या यंत्रावर बोटे तुटतात. अशा यंत्रांच्या धोक्याची दखल घेऊन केंद्र शासनाने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन अधिनियम केला. तथापि यंत्राला सुरक्षित तोंड बसविलेले आहे की नाही हे पाहणारे डोळे शेवटी खळ्यावरच असावे लागतात. रस्त्यावरील आणि रेल्वेमार्गावरील अपघात हे दुसरे कारण होय.

तिसरे कारण मधुमेहाचे आहे आणि ते मुकाट्याने वाढते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाची संवेदना बोथट होते. रुतलेला काटा, चपलेने पडलेला फोड, चुलीजवळ बसलेला चटका कळत नाही. रक्तपुरवठा मंदावलेला असल्याने जखम भरत नाही, चिघळते, काळी पडते आणि प्रथम बोट, नंतर पाऊल, नंतर पोटरी अशा क्रमाने पाय जातो. तंबाखूच्या सेवनाने हा धोका आणखी वाढतो. रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहण्याची सवय आणि अनवाणी न चालण्याचा नेम एवढ्या साध्या उपायांनी यांतील पुष्कळ पाय वाचू शकतात. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी व शिक्षकांनी ही गोष्ट ग्रामसभेत वारंवार सांगावयास हवी.

नसलेल्या पायाची वेदना

अवयव गमावलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणले की काही दिवसांतच एक विलक्षण अनुभव येऊ लागतो. जो पाय नाही त्याच पायाच्या अंगठ्याला खाज सुटते, तळव्यात आग होते, बोटे एकमेकांत पिळवटल्यासारखी वाटतात. रात्री झोपेत उठून तो नसलेला पाय जमिनीवर टेकवू पाहतो आणि पडतो. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे याने सोळाव्या शतकातच या अनुभवाची नोंद केली होती. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या वैद्याने १८७१ मध्ये त्याला ‘भासमान अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले.

याचे कारण असे की, शरीराचा एक नकाशा आपल्या मेंदूत असतो. पाय गेला तरी त्या नकाशातील पायाची जागा तत्काळ पुसली जात नाही. तुटलेल्या मज्जातंतूंकडून येणारे विस्कळीत संदेश आणि मेंदूतील ती रिकामी न झालेली जागा यांतून वेदना निर्माण होते. ही वेदना खरी असते. ती नाटक नव्हे आणि वेडही नव्हे.

आपल्या भागात हे समजून सांगण्याची विशेष गरज आहे. न समजणाऱ्या दुखण्याला भानामतीचे नाव देण्याची सवय मराठवाड्यात जुनी आहे. ‘नसलेला पाय दुखतो’ असे सांगणारा माणूस एक तर चेष्टेचा विषय होतो किंवा त्याला मांत्रिकाकडे नेले जाते. म्हणून तो बोलणेच सोडून देतो आणि दुखणे एकट्याने सोसत राहतो. अंगात भूतपिशाच असल्याचे सांगून मारहाण करणे, वैद्यकीय उपचारांपासून अडविणे ही कृत्ये २०१३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने गुन्हा ठरविली आहेत. परंतु कायद्याची पायरी येण्याआधी घरच्यांनी ‘होय, असे होते, पुष्कळांना होते’ एवढे म्हटले तरी अर्धे ओझे उतरते.

या वेदनेवर औषधे आहेत आणि एक अगदी अल्पखर्ची उपायही आहे. मूळचे भारतीय असलेले मेंदूशास्त्रज्ञ डॉ. वि. स. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात तो पुढे आणला. दोन्ही पायांच्या मध्ये उंच आरसा उभा ठेवावयाचा. धड पाय आरशाच्या समोर आणि उरलेला पाय आरशाच्या मागे ठेवावयाचा. आरशात पाहिले की गेलेला पाय परत जागेवर आल्याचा भास होतो. मग धड पायाची बोटे सावकाश उघडमीट करावयाची. पिळवटलेली बोटे सैल होत असल्याचे मेंदूला दिसते आणि अनेकांची वेदना कमी होते. प्रत्येकाला गुण येतोच असे नाही. परंतु वैद्यकीय सल्ल्याने करून पाहण्याजोगा हा उपाय आहे आणि त्याला लागणारा आरसा खेड्यातही मिळतो.

आरशातील अनोळखी माणूस

हाच आरसा दुसऱ्या अर्थाने फार कठोर असतो. अवयव गमावल्यानंतर माणूस प्रथम स्वतःलाच अनोळखी होतो. पुष्कळ जण कित्येक महिने उरलेल्या पायाकडे, म्हणजे दवाखान्यात ज्याला ‘स्टंप’ म्हणतात त्या भागाकडे, पाहतही नाहीत. त्याला हात लावणे, तो धुणे, त्यावर पट्टी बांधणे हे काम दुसऱ्यावर सोपवितात. अंघोळीच्या वेळी दार लावून घेतात. उन्हाळ्यातही पाय पांघरुणाखाली ठेवतात. फोटोसाठी उभे राहत नाहीत. ही लाज नव्हे. आप्त गेल्यावर माणूस जसा शोक करतो तसा हा स्वतःच्या शरीराच्या एका भागाचा शोक असतो, आणि शोकाला लागणारा अवधी त्यालाही लागतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत शरीर आणि काम ही दोन वेगळी नसतात. औत धरणारा, पेरणीला तिफणीमागे चालणारा, पोळ्याच्या दिवशी बैल मिरविणारा माणूस स्वतःला त्या कामातूनच ओळखतो. पाय गेला की त्याला प्रथम असे वाटते की आपण आता घरातील खाणारे तोंड तेवढे उरलो. काळ्या चिकट मातीत पावसाळ्यात कुबडीचे टोक रुतते. त्यामुळे वर्षातील महत्त्वाच्या दिवसांतच त्याचे शेतावर जाणे थांबते. भूकंपानंतर वसविलेली नवी गावे जुन्या गावठाणांपेक्षा ऐसपैस आहेत, त्यांतील रस्ते रुंद आहेत आणि घरे दूरदूर आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र कुबडीवर चालणाऱ्याच्या दृष्टीने शेजाऱ्याचे घर, देऊळ आणि शेत ही तिन्ही त्याच वेळी लांब गेली.

स्त्रीच्या वाट्याला येणारी गोष्ट आणखी अवघड असते. अविवाहित मुलीचा हात अथवा पाय गेला की घरात पहिला उच्चार सोयरिकीचा होतो. विवाहितेच्या बाबतीत ‘आता हिच्याने काय होणार’ हा प्रश्न तिच्यासमोरच विचारला जातो. पुरुषाचा पाय गेला तर त्याची पत्नी सेवा करील हे गृहीत धरले जाते. पत्नीचा गेला तर तिला माहेरी पाठवावे काय याची चर्चा होते. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला तिला बोलावणे हळूहळू बंद होते. कोणी तिला ‘येऊ नकोस’ असे म्हणत नाही. फक्त निरोप येत नाही.

नजरेचे प्रकार

समाजाची वागणूक नेहमी दुष्टपणाची असते असे नाही. बहुतेक वेळा ती न कळून केलेली असते. तिचे काही ठळक प्रकार पाहू.

पहिला प्रकार टक लावून पाहण्याचा. एस.टी.च्या थांब्यावर, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत नजर आधी पायाकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे येते, किंवा येतच नाही. लहान मूल पाहते ते कुतूहलाने पाहते. त्याला दटावून दूर ओढले की अपंगत्व ही भिण्याची गोष्ट आहे असा धडा त्याला मिळतो. त्यापेक्षा ‘त्यांचा पाय अपघातात गेला, म्हणून ते कुबडी घेऊन चालतात’ असे सरळ सांगावे.

दुसरा प्रकार दयेचा. ‘अरेरे, कसा धडधाकट माणूस होता’ असे वाक्य भेटणारा प्रत्येक जण म्हणतो. म्हणणाऱ्याने ते एकदा म्हटलेले असते, ऐकणाऱ्याने शंभरदा ऐकलेले असते. ‘होता’ या शब्दाने जिवंत माणूस भूतकाळात ढकलला जातो.

तिसरा प्रकार कर्मफळाचा. मागील जन्मीचे पाप, देवाचा कोप अशी कारणे सांगितली जातात. मळणी यंत्राचे तोंड उघडे होते अथवा जखमेकडे वेळीच लक्ष गेले नाही, हे खरे कारण त्यात झाकले जाते आणि पुढील अपघाताला वाट मोकळी राहते. शुभकार्याला निघताना अशा माणसाचे दर्शन अपशकुनाचे मानणे हे याच समजुतीचे पुढचे पाऊल होय.

चौथा प्रकार नावाचा. गावात एकाच नावाची चार माणसे असतात, म्हणून ओळखीसाठी व्यंगाचे विशेषण नावामागे लावले जाते आणि काही वर्षांत मूळ नाव गळून विशेषणच उरते. बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक हाकेला अपघात आठवतो.

पाचवा प्रकार वगळण्याचा. तो सर्वांत सौम्य दिसतो आणि सर्वांत खोल लागतो. ‘त्यांना कशाला त्रास’ असे म्हणून ग्रामसभेला, पंगतीला, शेताच्या वाटणीच्या बैठकीला बोलावले जात नाही. प्रश्न त्याच्याविषयीचा असला तरी तो सोबतच्या माणसाला विचारला जातो. पाय गेलेल्या माणसाची वाचा आणि बुद्धी शाबूत आहे हे जणू विसरले जाते.

सहावा प्रकार अवास्तव कौतुकाचा. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ मधील अपघातानंतर कापावा लागला. जयपूर पाय बसवून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि ‘नाचे मयूरी’ या १९८६ च्या चित्रपटातून त्यांची कथा घरोघरी पोहोचली. हे उदाहरण थोरच आहे. परंतु प्रत्येक अपंगाने असेच काही असामान्य करून दाखवावे, तरच तो आदराला पात्र, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. धडधाकट माणसाकडून आपण एवढी अपेक्षा करीत नाही. साधेपणाने शेती, दुकान, संसार करण्याचा अधिकार पाय गमावलेल्या माणसालाही आहे.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी घडलेला पाय

माणसाची राहणी समजून घेतली तर उपाय कसा सापडतो याचा धडा जयपूर पायाच्या इतिहासात आहे. परदेशी पद्धतीची कृत्रिम पावले बुटात घालण्यासाठी बनविलेली असत. त्यांना अनवाणी चालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलपाण्यात ती टिकत नसत. त्यामुळे खेड्यातील माणूस ती काढून ठेवी आणि पुन्हा कुबडी घेई. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास फारसे शालेय शिक्षण न झालेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्र. क. सेठी यांनी रबर व लाकूड यांचे पाऊल घडविले. ते कातडीच्या रंगाचे, मानवी पावलाच्या आकाराचे आणि सर्व बाजूंना लवणारे होते. ते घालून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, बांधावरून अनवाणी चालता येते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय विनामूल्य बसविण्याचे कार्य देशभर नेले. पाण्याच्या नळांसाठी वापरतात त्या जातीच्या प्लास्टिकच्या नळीपासून पायाचा वरचा भाग तयार करण्याची पद्धत या कार्यात रूढ झाली.

महाराष्ट्रातही या कार्याची परंपरा जुनी आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झाले आणि पुढे नागरिकांनाही त्याचा लाभ मिळू लागला. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची आहे. कानपूर येथे १९७२ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम अवयव निर्मितीचे महामंडळ स्थापन केले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, त्याच वर्षी अपंगांना साहाय्यक साधने देण्याची केंद्रीय योजनाही सुरू झाली.

खुंटीला टांगलेला पाय

असे असूनही कित्येक घरांत कृत्रिम पाय खुंटीला टांगलेला असतो. माणूस आळशी असतो म्हणून असे होत नाही. त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत स्टंपची सूज उतरते आणि तो बारीक होतो. शिबिरात मापात बसलेला पाय चार-सहा महिन्यांत सैल होतो, घासतो, जखम करतो. अशा वेळी वरचा भाग बदलून घ्यावा लागतो. ज्या घरातून पुणे तीनशे किलोमीटरहून दूर आहे, तेथे एका दुरुस्तीसाठी दोन माणसांचे भाडे आणि चार दिवसांची मजुरी बुडते. मग पाय खुंटीवर जातो. वाढत्या वयाच्या मुलाचा तर पाय सतत लहान पडत जातो. त्याला वर्ष-दीड वर्षाने नवा लागतो. स्त्रियांच्या बाबतीत साडीच्या निऱ्यांत पाऊल अडकणे, पाय काढण्या-घालण्यासाठी घरात आडोसा नसणे ही कारणे असतात. गुडघ्याच्या खालून पाय गेला असेल तर चालण्याचे श्रम थोडे वाढतात. गुडघ्याच्या वरून गेला असेल तर ते फारच वाढतात. दम लागलेल्या माणसाला ‘आळस करू नकोस’ म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते.

घरच्यांनी आरंभापासून काही गोष्टी सांभाळल्या तर पुढचे चालणे सुकर होते. गुडघ्याखाली उशी ठेवू नये. तसे केल्याने सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि नंतर कृत्रिम पाय बसत नाही. दिवसातून काही वेळ पालथे झोपवावे. दवाखान्यात शिकविल्याप्रमाणे लवचिक पट्टी बांधावी. ती वर सैल व खाली किंचित घट्ट असावी. स्टंप रोज साबणाने धुऊन कोरडा करावा आणि छोट्या आरशाच्या साहाय्याने त्याची मागील बाजूही तपासावी. हे सर्व शक्य तितके त्या व्यक्तीला स्वतः करू द्यावे. ज्या भागाला हात लावण्याचे धैर्य होते, तो भाग हळूहळू आपलासा होतो.

शाळा, पंचायत आणि अधिकारी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. त्यानुसार ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. विशेष लक्षात ठेवावयाची तरतूद कलम ९२ ची आहे. चारचौघांत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. ज्या गोष्टीला गावात अजून ‘गंमत’ म्हणतात ती कायद्याने केव्हाच गंमत राहिलेली नाही.

शिक्षकांनी करण्याजोगे काम असे. अपघातानंतर मूल शाळेत परत येण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जावे आणि वर्गाला काय सांगावे, काय सांगू नये, हे त्यालाच विचारावे. परत आल्यावर त्याला पूर्वीच्याच सोबत्यांजवळ बसवावे. खेळाच्या तासाला वर्गात दप्तरे राखण्यास ठेवू नये. गुण मोजणे हे काम दिले तरी तेवढ्यावर थांबू नये, त्याला खेळता येईल असा खेळ शोधावा. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर मुलाला उचलून नेण्यापेक्षा तो वर्ग खाली आणावा.

पंचायत सदस्यांचे काम त्याहून व्यापक आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. वर्षअखेरीस वस्तुवाटप करून तो संपविण्याऐवजी कृत्रिम पायाच्या दुरुस्तीचा प्रवासखर्च, घरात धरण्यासाठी कठडा, शौचालयात बसण्याची उंच सोय, पंचायत कार्यालयाला उतरता रस्ता अशा कामांवर त्याचा विनियोग केल्यास खुंटीवरचे कितीतरी पाय खाली उतरतील. ग्रामसभेची जागा निवडताना तेथे कुबडीवर येता येईल काय, हा प्रश्न कार्यवृत्तात नोंदविण्याची प्रथा पाडावी.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पहिले काही महिने निर्णायक असतात. वैश्विक ओळखपत्राच्या नोंदणीसाठी आणि अपंगत्वाच्या तपासणीसाठी त्या व्यक्तीला वारंवार खेटे पडू नयेत. शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा अवयव अपघातात गेला असल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विनाविलंब अर्ज व्हावा. घरावर आभाळ कोसळलेले असताना ही कागदपत्रे जुळविण्याचे भान कुटुंबाला नसते. ते तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी ठेवावयाचे असते. आणि कार्यालयात असा अर्जदार आला तर प्रथम त्याला बसावयास खुर्ची द्यावी आणि प्रश्न त्यालाच विचारावा.

लऊळपर्यंत

वारकरी परंपरेत पैठणच्या संत कूर्मदासांची कथा सांगितली जाते. त्यांना हातपाय नव्हते. तरीही पंढरीच्या वारीला ते सरपटत निघाले. माढा तालुक्यातील लऊळ येथे आल्यावर त्यांना पुढे जाणे अशक्य झाले. तेव्हा पांडुरंगच त्यांच्या भेटीला लऊळला आला, अशी श्रद्धा आहे, आणि तेथे कूर्मदासांचे मंदिरही आहे. ही कथा सांगताना आपण कूर्मदासांच्या निष्ठेचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. तिच्यातील दुसरा भाग मात्र आपल्या नजरेतून सुटतो. ‘तू इथवर आलास, आता उरलेले अंतर माझे,’ असा या भेटीचा अर्थ आहे.

अवयव गमावलेली व्यक्ती दररोज आपल्या बाजूने पुष्कळ अंतर तोडून येत असते. अंथरुणापासून उंबरठ्यापर्यंत, उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंत, आणि रस्त्यावरच्या नजरांमधून चावडीपर्यंत. तिच्याकडून याहून अधिकाची अपेक्षा करण्यापूर्वी उरलेले अंतर शाळेने, पंचायतीने आणि कार्यालयाने चालावयास हवे. आपल्या गावात असे एखादे घर असेल, तर या महिन्यात तेथे एकदा जावे. पायाची चौकशी शेवटी करावी. आधी नावाने हाक मारावी, आणि पुढील ग्रामसभेची तारीख सांगून यावी.